आकाशांतून पाताळाचा शोध

१९४४ सालच्या आरंभीं जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर अमेरिकन आरमाराचीं कॅटलिना विमानें अगदीं पाण्यालगत घिरट्या घालीत असत. भूमध्यसमुद्रांत शिरूं पाहणाऱ्या जर्मन पाणबुड्या या अरुंद वाटेनें पाण्याखालून निःशब्द सरकत. वरून त्या डोळ्यांस दिसत नसत. परंतु पाणबुडी झाली तरी ती शेंकडों टन पोलादाचीच. ती जेथें असेल तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वांत अल्पसा तरी फरक पडावयाचाच. तो फरक टिपणारें यंत्र या विमानांत बसविलेलें होतें. २४ फेब्रुवारी रोजीं त्यानें इशारा दिला, आणि यू-७६१ ही पाणबुडी त्याच दिवशीं तळास गेली. या यंत्राच्या जनकांपैकीं प्रमुख व्हिक्टर वॅकियर हे पिट्सबर्ग येथील एका तेलकंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत असत. भूगर्भाचा ठाव घेणाऱ्या मंडळींची ही विद्या युद्धावर गेली खरी, पण युद्ध संपण्यापूर्वींच ती घरीं परतली. त्याच वर्षीं पेनसिल्व्हेनियांतील बॉयरटाउन या गांवाजवळ अमेरिकेच्या भूगर्भखात्यानें तें यंत्र विमानास बांधून लोहखनिजाच्या प्रदेशावरून फिरविलें, आणि पाणबुड्या शोधणारी सुई जमिनींतील खडकांचा आलेख काढूं लागली.

पुढें या सुईस आणखी एक जोडीदार मिळाला, आणि दोघांनीं मिळून युरेनियमचा शोध आरंभिला. कॅनडा, अमेरिका, रशिया यांनीं ही विद्या उचलली. आपल्या देशांतील अणुखनिज खात्याचीं विमानेंही हें काम करीत आलीं आहेत. परंतु तिचें सामर्थ्य, तिचें आंधळेपण, आणि तिच्या पाठोपाठ उभे राहिलेले तंटे हीं सर्व एकाच ठिकाणीं पहावयाचीं असतील तर ऑस्ट्रेलियाचा इतिहास पहावा. म्हणून आम्ही येथें तीच हकीकत सांगतों.

प्रथम यंत्राविषयीं थोडें. युरेनियम हा धातु स्वतः फारसा बोलका नाहीं. विमानास ऐकूं जाईल असा आवाज त्याचे वंशज करतात. युरेनियमचा अणु फुटत फुटत पिढ्यानुपिढ्या रूप पालटतो. त्या वंशावळींत बिस्मथ-२१४ नांवाचें एक अपत्य आहे, आणि त्याचे गॅमा किरण १७·६ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या जोराचे असतात. याच किरणांवरून मूळ पुरुषाचा ठावठिकाणा काढावयाचा. पण जमीन तर सर्वत्रच थोडीफार किरणें सोडीत असते. ग्रॅनाइटमध्यें व चिकणमातींत पोटॅशियम असतें, त्याचे किरण १४·६ लक्षांचे. थोरियमच्या वंशांतील थॅलियमचे २६ लक्षांहून किंचित् अधिक. केरळांत चवऱ्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूवरून असें विमान नेलें तर त्याचें यंत्र नुसतें खवळून उठेल. पण तें थोरियमचें बोलणें, युरेनियमचें नव्हे. हा भेद ओळखण्यास उपयोगीं पडला तो सोडियम आयोडाइडचा स्फटिक. त्यांत थॅलियमचा लेश मिसळला तर प्रत्येक गॅमा किरणासरशी त्यांत प्रकाशाची ठिणगी पडते, आणि किरण जितका जोरकस तितकी ती तेजस्वी असते, ही गोष्ट रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनीं १९४८ सालीं दाखविली. आरंभींच्या वैमानिक यंत्रांस मात्र ठिणग्या केवळ मोजतां येत. कोणती कोणाची हें सांगणारीं यंत्रें पुढें आलीं.

या स्फटिकाची एक मोठी उणीव आहे, आणि तीवरच पुढची सारी कथा उभी आहे. गॅमा किरण हवेंतून शेंकडों फूट जातात. पण माती-दगडांतून त्यांस हातभर अंतरही नीट ओलांडवत नाहीं. म्हणजे विमानास दिसते ती भूमीची केवळ कातडी. तिच्याखालीं कुबेराचें भांडार असो, वर दोन हात वाळू पसरली असेल तर स्फटिक मुका राहतो. चुंबकाच्या सुईचें याच्या उलट. तिला माती, वाळू, पाणी यांचा अडथळा नाहीं; सहस्रावधि फूट खालच्या खडकांची ठेवण, त्यांतल्या भेगा, वर घुसलेले लोहयुक्त पाषाण यांचा सुगावा तिला लागतो. पण युरेनियमची तिला ओळखच नाहीं. ज्या प्रकारच्या खडकांत व भेगांत तें सांठण्याचा संभव, तेवढी जागा ती सुचवूं शकते. बाकीचें मनुष्याच्या तर्कावर.

आतां ऑस्ट्रेलियाकडे वळूं. १९४४ सालीं ब्रिटनने युरेनियम शोधण्याविषयीं त्या देशास गुप्तपणें विनंती केली, आणि दक्षिण ऑस्ट्रेलियांतील जुन्या रेडियमच्या खाणी पुन्हां उकरल्या गेल्या. हातीं थोडेंच लागलें. तेव्हां १९४८ सालीं सरकारनें बक्षिसें लावलीं. सर्वांत मोठें २५,००० पौंडांचें. सरकारी खनिज खात्यानें खनिजांच्या रंगीत चित्रांची एक लहानशी पुस्तिका काढली होती. ती डार्विनच्या दक्षिणेस रम जंगल नांवाच्या भागांत राहणाऱ्या जॅक व्हाइट या शेतकऱ्याच्या हातीं पडली. चित्रांतले खडक आपण कोठेंतरी पाहिले आहेत असें त्यास वाटलें. १९४९ मध्यें त्यानें तुकडे गोळा करून डार्विनला नेले, आणि तें युरेनियमच निघालें. बक्षीस त्यासच मिळालें. ऑस्ट्रेलियाचा पहिला मोठा युरेनियमचा सांठा स्फटिकानें शोधला नाहीं, सुईनेंही नाहीं; डोळे उघडे ठेवून आपल्या रानांत हिंडणाऱ्या एका माणसानें शोधला. यंत्रांचा इतिहास लिहितांना ही गोष्ट विसरूं नये. १९५४ सालीं पंतप्रधान मेन्झीस यांनीं तेथील कारखान्याचें उद्घाटन केलें, आणि माल ब्रिटन व अमेरिका यांनीं मिळून काढलेल्या खरेदी-संस्थेकडे गेला. खाण १९७१ मध्यें बंद झाली. तिच्यांतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यानें जवळच्या फिनिस नदीच्या फांट्याची जी दुर्दशा झाली ती निस्तरण्याचें काम कितीतरी वर्षें पुरलें.

रम जंगलनंतर सरकारी खात्यानें डीसी-३ विमान आणलें, जें आमच्याकडील जुन्या मंडळींस डकोटा या नांवानें ठाऊक आहे. त्यांत चुंबकमापक व किरणमापक अशीं दोन्ही यंत्रें बसवून उत्तर प्रदेशाच्या रानावरून पाहणी सुरू झाली. हें काम वाटतें तितकें रम्य नसतें. शेतकरी नांगराचे तास काढतो त्याप्रमाणें विमानानें एकामागून एक समांतर रेघा ओढावयाच्या, आणि त्याही जमिनीपासून शंभर-दीडशें मीटर उंचीवरूनच. अधिक वर गेलें तर किरण विरतात, खालीं आलें तर झाडें आणि कडे. उन्हानें तापलेल्या जमिनीवरील हवा विमानास सारखी हिसके देत असते. आंत कागदाची पट्टी सरकत असते आणि तिच्यावर लेखणी रेघ काढीत असते. रेघ वर उसळली कीं त्या क्षणीं खालीं कोणती टेकडी, कोणता ओढा होता हें जुळवावयाचें. त्यांतही फसवणूक पुष्कळ. आकाशांतून येणारे विश्वकिरण वजा करावे लागतात. युरेनियमच्याच वंशांतला रेडॉन वायु वारा नसलेल्या सकाळीं जमिनीलगत सांचतो, आणि तेथें धातूचा कणही नसतां यंत्र खूण देतें. नुकत्याच पडलेल्या पावसानेंही तसेंच होतें. उघडी ग्रॅनाइटची टेकडी आली कीं रेघ उगाच चढते. शंभर खुणांतून बहुतेक खोट्या निघतात. प्रत्येकीपर्यंत कोणीतरी पायीं जाऊन, हातीं गणकयंत्र घेऊन खात्री करावी लागते.

या पाहणीस खरें फळ आलें तें डार्विनच्या पूर्वेस अ‍ॅलिगेटर नद्यांच्या खोऱ्यांत. (सुसरींच्या जातींचा घोटाळा करून फिलिप पार्कर किंग या आरमारी अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं या नद्यांस हें नांव दिलें, त्या नद्यांत अ‍ॅलिगेटर एकही नाहीं, मगरी मात्र विपुल आहेत.) एका अंगास वालुकाश्माचें उंच पठार, त्याचे तुटलेले कडे, आणि त्यांच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत समुद्रासारखा पसरणारा पाणथळ प्रदेश. १९६९ सालीं जिओपेको कंपनीच्या विमानानें या पायथ्यावरून जातांना मोठ्या खुणा टिपल्या. तोच पुढें रेंजर या नांवानें गाजलेला सांठा. १९७० मध्यें दुसऱ्या कंपन्यांस नॅबर्लेक व कूंगारा, १९७१ मध्यें तिसरीस जॅबिलुका. अवघ्या दोन-तीन वर्षांत जगांतील श्रेष्ठ युरेनियमच्या सांठ्यांपैकीं चार एकाच खोऱ्यांत उघडकीस आले. नॅबर्लेकचें खनिज तर इतकें उथळ व कसदार कीं, १९७९ च्या कोरड्या ऋतूंत १४३ दिवसांत तें सगळें काढून ढीग रचून ठेवण्यांत आलें, आणि पुढें आठेक वर्षें तो ढीगच दळला जात होता.

विमानाच्या पट्टीवर पोटॅशियम दिसतें, थोरियम दिसतें, युरेनियम दिसतें. सात-बाराचा उतारा मात्र तिच्यावर उमटत नाहीं. ज्या जमिनीवर रेंजर व जॅबिलुका येतात ती मिरार नांवाच्या आदिवासी कुळाची. आणि तिचें मालकपण वर्षा-दोन वर्षांचें नव्हे. जॅबिलुकाच्या पट्ट्याच्या हद्दींतच माजेदबेबे नांवाची एक कपार आहे. तेथील उत्खननावरून मनुष्यवस्ती ६५,००० वर्षांपासूनची असल्याचें उत्खनन करणाऱ्या विद्वानांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्या कालाबद्दल कांहीं पंडितांचा मतभेद आहे. पण त्यांतलीं दहा-पंधरा हजार वर्षें वगळलीं तरी आमच्या कोणत्याही वतनदाराची सनद तिच्यापुढें कालचीच ठरेल.

१९७५ सालीं सरकारनें न्यायमूर्ति रसेल फॉक्स यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशी-मंडळ नेमलें. मंडळाचे दोन अहवाल, १९७६ व १९७७ चे, वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांत सत्य लपविलेलें नाहीं. जमिनीच्या परंपरागत मालकांचा खाणीस विरोध आहे, असें मंडळानें स्वच्छ नमूद केलें. आणि तो विरोध निर्णायक मानला जाऊं नये, असेंही तितक्याच स्वच्छपणें लिहिलें. १९७६ च्या ज्या कायद्यानें उत्तर प्रदेशांतील आदिवासींस त्यांच्या जमिनीवर खाण नाकारण्याचा हक्क मिळाला, त्याच कायद्यांत एक कलम घालून रेंजरपुरता तो हक्क काढून घेतला गेला. हक्क देणाऱ्या हातानेंच तो परत घेतल्याचें इतकें ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल. मग उरल्या त्या अटी आणि रकमेच्या वाटाघाटी. १९७८ च्या नोव्हेंबरांत करारावर सह्या झाल्या. भोंवतालचा प्रदेश काकाडू राष्ट्रीय उद्यान झाला, १९८१ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत गेला. पण रेंजर, जॅबिलुका, कूंगारा या तीन जागा उद्यानाच्या नकाशांतून कापडाला पाडलेल्या भोंकांप्रमाणें वगळल्या. रेंजर येथें पुढील चाळीस वर्षांत १,३०,००० टनांहून अधिक युरेनियम ऑक्साइड निघालें. ८ जानेवारी २०२१ रोजीं कारखाना थांबला. उरलेला किरणोत्सर्गी गाळ १०,००० वर्षेंपर्यंत भोंवतालाशीं संबंध येणार नाहीं असा पुरून ठेवावा, अशी अट त्या कंपनीवर आहे.

याच खोऱ्याच्या दक्षिण टोंकास जावोइन लोकांचा मुलूख लागतो. तेथें बुला नांवाचा सृष्टिकर्ता भूमीखालीं निजला आहे, त्याची झोंप मोडली तर भूमि कांपेल व रोगराई पसरेल, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून त्या टापूस रोगाचा मुलूख म्हणतात, आणि तेथें दगड हलवीत नाहींत. आतां गंमत अशी कीं, या टापूंतील कॉरोनेशन हिल व शेजारच्या जागीं १९५३ नंतर युरेनियम सांपडलें व कांहीं वर्षें काढलेंही गेलें. यावरून, आदिवासींस किरणोत्सर्गाचें ज्ञान होतें असें विधान करण्याचा मोह पुष्कळ लेखकांस आवरत नाहीं. आम्हांस तें पटत नाहीं. पुराणांतल्या पुष्पकावरून प्राचीनांस विमानविद्या अवगत होती असें म्हणणाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु ज्ञान नव्हतें म्हणून निषेधाची किंमत शून्य, हेंही म्हणणें तितकेंच उथळ. १९९१ सालीं, त्या टेकडीवर सोन्यासाठीं पुन्हां खाण खणण्याची योजना पंतप्रधान हॉक यांच्या सरकारनें जावोइनांच्या श्रद्धेचा मान राखून नाकारली.

स्फटिकाच्या आंधळेपणाची दोन उदाहरणें सांगितल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. जॅबिलुकाचा जो सांठा प्रथम सांपडला तो लहान. त्याच्या पूर्वेस भोकें पाडीत गेल्यावर १९७३ मध्यें जो दुसरा सांपडला तो कितीतरी पटीनें मोठा. तो वालुकाश्माच्या जाड थराखालीं पूर्ण झांकलेला असल्यामुळें त्यावरून विमान शंभरदां गेलें असतें तरी रेघ हलली नसती. दुसरें उदाहरण याहून विलक्षण. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष पठारावर रॉक्सबी डाउन्स नांवाचें मेंढ्यांचें मोठें कुरण आहे. १९५६ सालीं, मेलबोर्न येथें ऑलिंपिक सामने झाले त्या वर्षीं, तेथें जनावरांसाठीं एक तळें खणलें, आणि त्यास ऑलिंपिक डॅम म्हणूं लागले. वेस्टर्न मायनिंग कंपनीचे शास्त्रज्ञ त्या काळीं तांब्याच्या शोधांत होते. त्यांचा तर्क असा: जुन्या ज्वालामुखीच्या खडकांतून तांबें धुपून वरच्या थरांत सांचलें असावें, तेव्हां असे खडक खोल कोठें दडले आहेत तें प्रथम शोधूं. सरकारी खात्याच्या पाहणींतले चुंबकत्वाचे व गुरुत्वाकर्षणाचे नकाशे समोर पसरले असतां, त्या तळ्याजवळ दोहोंचे उंचवटे एकत्र येत असलेले त्यांस दिसले. १९७५ मध्यें पहिलें भोक पाडलें. सुमारें ३५० मीटर खालीं, जेथें कोणताही गॅमा किरण वर येण्याची आशा नाहीं, तेथें तांबें लागलें. पुढचीं कांहीं भोकें जवळजवळ कोरडीं गेलीं. कंपनीनें धीर सोडला असता तर नवल नव्हतें. १९७६ च्या अखेरीस दहाव्या भोकानें संशय फेडला. तांब्याबरोबर सोनें, रुपें, आणि युरेनियम. तेंही असें कीं, जगांत ज्ञात असलेला युरेनियमचा सर्वांत मोठा सांठा तो हाच. ज्या खडकांच्या तर्कावर भोक पाडलें ते खडक तेथें नव्हतेच. युरेनियम तर कोणी शोधीतच नव्हतें. सुई बरोबर होती, तर्क चुकला होता, आणि फळ मिळालें तें दोघांच्याही कल्पनेपलीकडचें. १९८८ मध्यें ती खाण रीतसर सुरू झाली.

पुन्हां त्या उत्तरेकडील खोऱ्यांत. रेंजरचा अनुभव पदरीं आलेल्या मिरारांनीं जॅबिलुकाच्या वेळीं निराळें धोरण धरलें. ज्यांच्या काळांत रेंजरचा करार झाला त्या टोबी गंगाले यांची कन्या इव्हान मार्गरुला या कुळाच्या प्रमुख झाल्या होत्या. त्यांच्या हांकेस ओ देऊन १९९८ सालीं सुमारें पांच हजार माणसें त्या रानांत जमलीं आणि आठ महिने खाणीची वाट अडवून बसलीं. पांचशेंहून अधिक लोक पकडले गेले. स्वतः मार्गरुला बाईंनाही, त्यांच्याच जमिनीवर आगळीक केल्याच्या आरोपावरून, अटक झाली. भुयार खणलें गेलें, पण खाण चालू झाली नाहीं. २००३ मध्यें तें भुयार बुजविण्यांत आलें, २००५ मध्यें मिरारांच्या संमतीशिवाय खाण न काढण्याचा करार झाला, आणि २०२४ सालीं प्रादेशिक सरकारनें तो पट्टा पुढें चालविण्यास नकार दिला.

कूंगाराची गोष्ट याहून शांत आहे. १९७० च्या हवाई पाहणींत सांपडलेला हा सांठा बुरुंगकुय येथील जगप्रसिद्ध शैलचित्रांपासून अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर. एका फ्रेंच कंपनीकडे त्याचे हक्क होते. जमीन जोक कुळाची, आणि त्या कुळाचा जबाबदार पुरुष एकटाच उरला होता, जेफ्री ली. उद्यानांत रखवालदाराची नोकरी करणाऱ्या या गृहस्थानें होकार दिला असता तर खाणीच्या उत्पन्नाच्या वांट्यावर तो ऑस्ट्रेलियांतील मोठ्या श्रीमंतांत गणला गेला असता. पैशाची आपणांस गरज नाहीं, नोकरी आहे, मासे धरतां येतात, शिकार करतां येते, असें त्यानें विचारणाऱ्यांस सांगितलें. जमीन तेवढी उद्यानांत घ्या. २०११ च्या जूनमध्यें तो पॅरिसला गेला. ज्या समितीपुढें त्याच्या जमिनीचा प्रश्न होता, तिनें कूंगारा जागतिक वारशाच्या यादींत घातलें. २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या संसदेनें त्या प्रदेशाचा समावेश काकाडू राष्ट्रीय उद्यानांत केला, आणि १९७९ सालीं नकाशास पाडलेल्या तीन भोंकांपैकीं एक बुजलें. खनिज आहे तेथेंच आहे.